जुन्या एमटीबीचा पुढचा शॉकअप: दुरुस्त करायचा की बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षं जुनी, २६ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. पुढे कॉइल स्प्रिंगचा, ८० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) साधा शॉकअप. पुढचा ब्रेक दाबला की खटखट वाजतं, वरच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके आलेत आणि खड्ड्यात शॉकअप अडखळत दबतो. सोलापुरात एका दुकानात ‘नवीनच टाका’ म्हणाले, दुसऱ्यात ‘ग्रीस भरून देतो, चकाचक होईल’. वापर म्हणजे होटगी रोडने रोजचं कामावर जाणं, रविवारी हिप्परगा तलाव आणि अधूनमधून तुळजापूर. आता ऐकायचं कोणाचं?

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण दोघांनीही शॉकअप उघडून पाहिलेला नाही. तुम्ही एका दमात तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. खटखट म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. अडखळणं म्हणजे आत घर्षण वाढलंय. गंज म्हणजे नळीचा पृष्ठभाग खराब होतोय. ग्रीसने घर्षण कमी होतं, प्ले कमी होत नाही. झिजलेल्या बुशवर (वरची नळी ज्या कड्यांत सरकते त्यांवर) ग्रीस थापलं की आठवडाभर आवाज दबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. उलट खटखट हेडसेटची (हँडलची नळी फ्रेममध्ये फिरते तिथल्या बेअरिंगची) असेल आणि तुम्ही शॉकअपच नवा टाकला, तर पैसेही जातात आणि खटखटही राहते. म्हणून दुरुस्ती की बदल हे ठरवण्याआधी नेमकं काय झिजलंय ते शोधायचं. त्याला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य.

पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि ब्रेक न दाबता हँडल पुढे-मागे ढकला. ब्रेक मुद्दाम दाबायचा नाही, कारण डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये थोडे हलतात, व्ही-ब्रेकचे हातही आपल्या खुंटीवर डुलतात, आणि तो आवाज शॉकअपचा वाटतो. भिंतीला टेकवून खटखट आली नाही, तर दोष ब्रेकचा. आली, तर चाक रिमला धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवा. इथे खडखड लागली तर हबचे (चाकाच्या मध्यातले) बेअरिंग आवळणारे कोन ढिले आहेत. ते आधी घट्ट करा आणि मग पुढे जा.

आता हेडसेट. डाव्या हाताची बोटं हेडसेटच्या खालच्या कपावर आणि शॉकअपच्या क्राउनवर (दोन्ही नळ्यांना वर जोडणाऱ्या आडव्या भागावर) अशी ठेवा की मधली फट बोटाखाली येईल. उजव्या हाताने सायकल पुढे-मागे हलवा. फटीत हालचाल जाणवली तर हेडसेट ढिला आहे. खात्रीसाठी हँडल काटकोनात वळवून पुन्हा तसंच हलवा. हेडसेटचा प्ले कुठल्याही दिशेला सारखाच लागतो, बुशचा प्ले मात्र चाक आडवं असताना बराच कमी होतो. हेडसेट आवळायला फार काही लागत नाही. बिनआट्यांचा असेल तर स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट ढिले करून वरचा बोल्ट थोडा-थोडा फिरवायचा आणि मग बाजूचे आवळायचे. जुन्या आट्यांच्या हेडसेटला दोन पाने लागतात, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंची (२८.६ मिमी) नळीला ३६ मिमीचे, एक इंची नळीला बहुधा ३२ चे.

शेवटी बुश. आता बोटं डस्ट सीलवर ठेवा, म्हणजे वरची नळी खालच्या पायात शिरते तिथे, आणि पुन्हा हलवा. थोडा प्ले प्रत्येक स्वस्त शॉकअपमध्ये नवा असतानाही असतो, त्याची भीती नको. मी ज्याला झिजलेलं म्हणतो ते असं: नळी सीलमध्ये सरकताना डोळ्यांना दिसते, म्हणजे एक मिलीमीटर किंवा जास्त, किंवा एका पायात हालचाल आहे आणि दुसऱ्यात नाही.

यानंतर नळ्या. बोटाचं नख वरून खाली फिरवा. गंज दिसतो पण नखाला काही लागत नाही, तर तो क्रोमवर बसलेला वरवरचा डाग आहे. नख अडकलं तर क्रोम फुटून खड्डा पडलाय. तो खड्डा कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. तुमचा शॉकअप ८० मिमीचा आहे, म्हणजे सायकल मोकळी उभी असताना सीलपासून वरचे ८० मिमी हाच भाग सीलमधून आत-बाहेर जातो. त्याच्या वर, क्राउनजवळ कितीही गंज असला तरी तो दिसायला वाईट, कामात अडथळा नाही. त्या ८० मिमीत नखात अडकणारे खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा सीलची ओठ कापतो आणि धूळ आत नेतो. नवा सील टाकला तरी महिन्या-दोन महिन्यांत तोही कापला जातो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळा निर्णय तिच्यावर फिरतो. या वर्गातल्या बहुतेक शॉकअपमध्ये क्राउन, स्टिअरर नळी (क्राउनमधून वर हँडलकडे जाणारी) आणि वरच्या दोन नळ्या एकमेकींत दाबून बसवलेल्या असतात. सुटी नळी मिळत नाही आणि घरच्या हत्यारांनी बदलताही येत नाही. मोटारसायकलच्या फोर्कच्या नळ्या हार्ड क्रोम करून मिळतात, पण त्या सुट्या निघतात, ग्राइंडरवर चढवता येतात. इथे आख्खा जोड चढवावा लागेल, आणि त्याचा खर्च शॉकअपच्या किमतीपुढे जाईल. म्हणून नळी गेली की व्यवहारात शॉकअप गेला. बुश, सील, स्प्रिंग, फोम यातलं काही गेलं असेल तर वाट आहे.

आणि काही खुणा दिसल्या तर पुढचं काहीच वाचू नका, शॉकअप बदला: खालच्या पायांना जोडणाऱ्या कमानीच्या मुळाशी चीर, एक्सल बसतो त्या खोबणीत किंवा डिस्क ब्रेक बसतो त्या कानाशी चीर, क्राउनमधून कचकच आवाज, किंवा स्टिअरर नळीवर रेसच्या (क्राउनवर बसणाऱ्या बेअरिंगच्या कड्याच्या) वर खोल गंज. खालचे पाय मॅग्नेशियमचे असतील तर त्यांना वेल्डिंग करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पुढचा शॉकअप तुटला तर माणूस सरळ तोंडावर पडतो, सावरायला वेळच मिळत नाही.

समजा नळ्या ठीक निघाल्या. मग उघडा. चाक आणि ब्रेक काढा, वरचं प्रीलोडचं (स्प्रिंग ताठ-सैल करणारं) नॉब उणेच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवा. खालच्या टोकाला दोन बोल्ट दिसतील, मॉडेलप्रमाणे ५ किंवा ६ मिमीची अॅलन लागते, काहींना १० मिमीचा नट असतो. ते पूर्ण काढू नका. चार-पाच आटे ढिले करून तसेच ठेवा आणि बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोड्याने टोला द्या, आतली दांडी खालच्या पायातून सुटते. मग बोल्ट काढून पाय खाली ओढा. बोल्टबरोबर आतली दांडी पण फिरत असेल तर कोणाला तरी हँडलवर भार देऊन शॉकअप दाबून धरायला सांगा. स्प्रिंगचा दाब आला की दांडी थांबते आणि बोल्ट सुटतो.

आत बहुधा राखाडी-काळी पेस्ट निघेल. ते ग्रीस आणि धूळ यांचं मिश्रण असतं, पॉलिश पेपरसारखं काम करतं. सोलापूर भागात हे लवकर होतं. उन्हाळ्यात बारीक धूळ, पावसाळ्यात काळी माती. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सीलच्या काठावर दगडासारखी कडक होते. तशीच सायकल चालवली की ती कडा नळीला घासत राहते.

साफसफाईला वरच्या नळ्या आणि स्प्रिंग यांना डिझेल किंवा रॉकेल चालतं, पण रबरी सील, फोमच्या रिंगा आणि रबरी बफर यांना लावू नका, ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसायला आपल्या गावचा टेरी टॉवेल घरात मुबलक असतो, पण इथे तो वापरू नका. त्याचे फुंदे सीलच्या ओठात अडकतात आणि नंतर तिथूनच धूळ आत जाते. जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा चांगला.

वरवरचा गंज काढायला सँडपेपर नको. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्यात किंवा पातळ तेलात बुडवून घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, म्हणून गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. एखाद-दुसरा सुटा खड्डा असेल तर तो अल्कोहोलने स्वच्छ करून दोन भागांच्या इपॉक्सीने भरता येतो. पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या वॉटर पेपरने समतल करा, नळीभोवती गोल फिरवत. वरून खाली घासलं तर उभे चरे पडतात आणि त्यातून पाणी सरळ आत उतरतं. हा उपाय एक-दोन खड्ड्यांपुरताच आहे. पाच-सहा असतील तर वेळ घालवू नका.

आता मोकळी नळी खालच्या पायात घालून हलवून बघा. प्रत्येक पायात दोन बुश असतात, एक सीलच्या खाली आणि दुसरा आणखी खाली. नळीवर पुढच्या आणि मागच्या बाजूला चकचकीत पट्टे दिसले तर नवल नाही. ब्रेक लावताना शॉकअप पुढे-मागे वाकतो, त्यामुळे झीज त्याच बाजूंना होते. पट्ट्यात क्रोम शाबूत असेल तर ते चालतं, तांबूस किंवा काळपट धातू उघडा पडला असेल तर नळीची झीज सुरू झाली आहे.

बुशचं काय करायचं, हे तुमच्या शॉकअपच्या रचनेवर अवलंबून आहे. स्वस्त शॉकअपमध्ये प्लॅस्टिकची चिरलेली रिंग असते, ती हाताने निघते आणि बसते. तशी रिंग मिळाली तर काम दहा मिनिटांचं. जरा वरच्या वर्गात पत्र्यावर टेफ्लॉनचा थर असलेला बुश दाबून बसवलेला असतो. तो ओढायला पुलर, बसवायला ड्रिफ्ट (ठोकायची मापाची दांडी) आणि नंतर माप साधायला वेगळं हत्यार लागतं. हातोडा आणि पाईपचा तुकडा घेऊन कोणी हे करायला निघालं तर शॉकअप परत घ्या.

बाजारात बुश मिळाला नाही तर सोलापुरात एक जास्तीची सोय आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात यंत्रमागांचे भाग करून देणारे लेथवाले. त्यांच्याकडून प्लॅस्टिकचा बुश खराडून घेता येतो, पण माप तुम्ही द्यायचं. मटेरियल डेल्रिन मागा, साधं नायलॉन नको. नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं, मग पावसाळ्यात शॉकअप जाम होतो. नळीचा व्यास व्हर्नियरने तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी मोजा. झिजलेली नळी गोल नसते, म्हणून सगळ्यात मोठं माप धरायचं. बुशचं आतलं भोक त्यापेक्षा साधारण ०.१० ते ०.१५ मिमी मोठं, बाहेरचा व्यास पायाच्या भोकात अंगठ्याने दाबून घट्ट बसेल इतका. बुशला एक तिरकी चीर ठेवायला सांगा, म्हणजे बसवताना तो थोडा दबतो आणि उन्हात फुगायला जागा राहते. खालच्या पायाचं भोकच लांबट झालं असेल तर हा उद्योग करू नका, नवा बुश तिरका बसेल आणि महिन्याभरात जाईल.

डॅम्पिंगबद्दल, म्हणजे उसळी आवरण्याबद्दल, एकच. ‘शॉकअप दबून एकदम उसळतो’ ही तक्रार साध्या कॉइल शॉकअपमध्ये दुरुस्त होत नाही, कारण अनेकांमध्ये परतीचा वेग आवरणारी यंत्रणाच नसते. उजव्या पायात लॉकआउटचं (शॉकअप दबू न देणारं) बंद काडतूस असेल आणि त्यातून तेल गळत असेल, तर ते उघडत नाही, आख्खं बदलतात.

जोडताना ग्रीस कमीच लागतं. सिलिकॉन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं ग्रीस घ्या. चाकाच्या बेअरिंगचं चिकट पिवळं ग्रीस इथे नको, ते धूळ धरतं आणि नळी अडवतं. प्रत्येक बुशवर हरभऱ्याएवढं, सीलच्या दोन ओठांमधल्या खाचेत भरून, आणि स्प्रिंगवर पातळ हात. दोन्ही पायांना मिळून चहाचे दोन चमचे भरपूर झाले. नळी गच्च भरून दिली की आतली हवा दाबायला जागा उरत नाही आणि शॉकअप अर्ध्यातच थांबतो. ‘ग्रीस भरून देतो’ म्हणणाऱ्याला हे आधी सांगा. फोमच्या रिंगा असतील तर त्या मोटारसायकलच्या फोर्क ऑइलमध्ये बुडवून, पिळून बसवा. कॉइल शॉकअपच्या पायात सुटं तेल ओतू नका, खाली ते अडवणारी ओ-रिंग नसेल तर ते थेट डिस्कवर टपकतं.

पाय वर चढवताना सीलची ओठ आत दुमडली जाते, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. नळीच्या टोकाला ग्रीस लावा, तिरकं न करता हळूहळू फिरवत घाला आणि चारही बाजूंनी ओठ बाहेर आली का ते डोळ्यांनी पाहा. खालचे बोल्ट ७ ते ८ न्यूटन-मीटर, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सुटू न देणारा गोंद) लावून. वरची टोपी प्लॅस्टिकची असेल तर ती आधी उलटी फिरवा. आटा खाली पडल्याचा बारीक ‘टक्’ जाणवला की मग सुलटी. हे केलं नाही तर आटे हमखास चिरडतात.

आता तुमच्या निर्णयाकडे. खटखट हब, ब्रेक किंवा हेडसेटची असेल तर शॉकअपला फक्त सर्व्हिस. बुश गेले आणि नळ्या चांगल्या, तर बुश मिळेपर्यंत प्रयत्न करण्यात अर्थ आहे. नळ्यांच्या कामाच्या भागात एक-दोनपेक्षा जास्त ठिकाणी नख अडकतंय किंवा क्रोम उडालंय, तर दुरुस्ती सोडा, शॉकअप बदला. आणि भाग, मजुरी मिळून खर्च तशाच नव्या शॉकअपच्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या वर जात असेल, तर मी दुरुस्ती सुचवत नाही. कारण स्प्रिंग, लॉकआउट आणि दुसऱ्या पायाचे बुश तेवढेच जुने आहेत, त्यांचा नंबर लवकरच येतो.

बदलायचं ठरलं तर दुकानात जायच्या आधी मापं लिहून घ्या, ‘२६ चा शॉकअप द्या’ एवढ्यावर कधीही भागत नाही. पहिलं माप स्टिअरर नळीचं. तुमच्या वयाच्या एमटीबीत बहुधा सरळ, बाहेरून २८.६ मिमीची नळी असते. आट्यांची की बिनआट्यांची ते पाहा. हल्लीच्या अनेक शॉकअपची नळी खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाते, ती तुमच्या जुन्या हेड ट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत) शिरणारच नाही. मग लांबी: क्राउनच्या रेसपासून वरपर्यंत जुनी जितकी आहे तितकी किंवा जास्त. जास्त असेल तर कापता येते, कमी असेल तर काहीच करता येत नाही. जुन्या बाजारातले शॉकअप स्वस्त दिसतात ते अनेकदा याच कारणाने, त्यांची नळी आधीच्या मालकाने आपल्या मापाला कापलेली असते. आट्यांची असेल तर लांबीबरोबर आट्यांची पट्टीही जुळायला हवी, नाहीतर हेडसेट आवळलाच जात नाही.

दुसरं, ब्रेक. तुमचे व्ही-ब्रेक असतील तर शॉकअपवर ब्रेकच्या खुंट्या हव्यात, आणि नव्या मालात त्या कमी होत चालल्यात. ‘२७.५ चा घ्या, २६ चं चाक बसतं’ असं कोणी सांगेल. चाक बसतं हे खरं. पण २६ च्या रिमचा बैठक व्यास (टायर बसतो तिथला) ५५९ मिमी आणि २७.५ चा ५८४, म्हणजे रिम साडेबारा मिमी खाली राहते आणि ब्रेकचं रबर रिमऐवजी टायरवर जातं. डिस्क असेल तर ही अडचण नाही, मात्र कॅलिपरचे कान तुमच्या अॅडॅप्टरशी जुळतात का ते बघा. एक्सल १०० मिमी रुंदीचा, ९ मिमीच्या साध्या खोबणीचा हवा. १५ मिमीचा आरपार एक्सल आला की चाकही बदलावं लागतं.

तिसरं माप सगळ्यात दुर्लक्षित राहतं: एक्सलच्या मध्यापासून क्राउनवर रेस बसते तिथपर्यंतची उंची. २६ इंची, ८० मिमीच्या शॉकअपची ती साधारण ४५० मिमी असते, १०० मिमीच्या शॉकअपची ४७० च्या आसपास. उंची २० मिमीने वाढली की पुढचा कोन (हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा) जवळजवळ एक अंशाने मागे कलतो. एका अंशाने चढावर हँडल थोडं भटकतं, तेवढं चालून जातं. पण ८० च्या जागी १२० मिमीचा टाकला तर हेड ट्यूबच्या वेल्डिंगवर न झेपणारा ताण येऊ शकतो. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त चांगला शॉकअप, हा गैरसमज जुन्या फ्रेमना महागात पडतो.

आणि आता माझं स्पष्ट मत. तुमच्या वापराला मी पुन्हा स्वस्त कॉइल शॉकअप घेणार नाही, स्टीलचा ताठ चिमटा, म्हणजे स्प्रिंग नसलेला फोर्क, घेईन. स्वस्त कॉइल शॉकअपचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं, स्टीलच्या ताठ चिमट्याचं सव्वा किलोच्या जवळपास. तुळजापूरच्या घाटात सव्वा किलो पुढच्या चाकावरून कमी झालेलं पायांना कळतं. पेडलवर उभं राहिलं की शॉकअप डोलतो, त्यात जोर वाया जातो, तोही वाचतो. बुश नाही, सील नाही, काळ्या मातीला आत शिरायला जागा नाही. होटगी रोडवरच्या खड्ड्यांसाठी आणि स्पीडब्रेकरसाठी २.१ इंची टायर योग्य हवेवर ठेवला तर तो स्वस्त शॉकअपपेक्षा जास्त धक्के खातो, कारण तो अडखळत नाही. पंपावर ६० पीएसआय भरून घेतलेला टायर दगड असतो. सत्तर किलोच्या माणसाने पुढे ३५ ते ४० पीएसआय ठेवून बघा.

पण ताठ चिमटा कुठलाही नाही चालत. साध्या सायकलचा चिमटा ३९० मिमीच्या आसपास येतो. तो लावला तर सायकलचं नाक खाली जातं, पुढचा कोन दोन-तीन अंशांनी उभा होतो, स्टिअरिंग नको इतकं चपळ होतं आणि वळणावर पेडल जमिनीला लागतं. शॉकअपच्या जागी बसायला केलेला, उंच चिमटा घ्यायचा. हिशेब असा: जुन्या शॉकअपची मोकळी उंची ४५० असेल, तर तुम्ही बसल्यावर तो १५ ते २० मिमी दबतो. म्हणजे नवा ताठ चिमटा ४३० ते ४३५ चा आला की सायकल बसल्यावर जशी होती तशीच राहते. ब्रेकच्या खुंट्या किंवा डिस्कचा कान तुमच्या ब्रेकप्रमाणे.

हे मत वापर बदलला की बदलतं. दगडी पायवाटा, माळरानावरच्या उतारांवर वेगाने उतरणं हे तुमचं नेहमीचं असेल, किंवा मनगटाचा जुना त्रास असेल, तर शॉकअप हवाच. मग मात्र ३० मिमी किंवा जाड नळ्यांचा, परतीचा वेग आवरता येणारा आणि ज्याचे सील-बुश सुटे मिळतात असा घ्या. तो सायकलच्या आजच्या किमतीला जड वाटेल, आणि तिथे तुम्हालाच ठरवावं लागेल की ही फ्रेम अजून किती वर्षं ठेवायची आहे.

बसवताना जुनी क्राउन रेस काढून नव्यावर घालायची, जुन्या २८.६ च्या नळीला तिची बैठक ३० मिमीची असते. ती सपाट तोंडाच्या पाईपने सरळ ठोका. एका बाजूने स्क्रूड्रायव्हरने ठोकली की तिरकी बसते आणि नवे छर्रे काही आठवड्यांत खडबडीत होतात. नळी कापण्याआधी सगळे स्पेसर आणि स्टेम घालून खूण करा, स्टेमच्या वरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापा आणि आतली-बाहेरची कडा कानशीने मोडा. पहिल्यांदा कापत असाल तर एक स्पेसर जास्त ठेवा, पुन्हा कापणं केव्हाही जमतं. स्टार नट (वरचा बोल्ट ज्यात फिरतो तो, नळीच्या आत ठोकायचा) १२ ते १५ मिमी खोल, मग वरच्या बोल्टने प्ले काढायचा आणि स्टेमचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळायचे.

शॉकअप ठेवलात तर देखभाल अशी: पावसातून आल्यावर सीलच्या कडेची माती आधी पाण्याने मऊ करा आणि मग पुसा, वाळलेली खरवडू नका. सर्व्हिस सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्याची धार सीलवर मारू देऊ नका, ती ग्रीस धुऊन माती आत ढकलते. नळीवर डब्ल्यूडी-४० फवारू नका, त्यानेही सीलमागचं ग्रीस पातळ होऊन निघून जातं. पावसाळा संपला की, दिवाळीच्या सुमारास, एकदा पाय उतरवून साफ करायचे.

काहीही बसवलंत तरी पहिला फेरा घराजवळच मारा, किल्ल्याभोवती किंवा कंबर तलावाच्या रस्त्याने, आणि दोन-तीनदा पुढचा ब्रेक जोरात दाबून बघा. पहिल्या ३०-४० किलोमीटरनंतर रेस आणि कप आपापल्या जागी बसतात आणि हेडसेट थोडा ढिला पडतो. तेव्हा भिंतीची चाचणी पुन्हा करा, स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करून वरचा बोल्ट अष्टमांश आटा आवळा, बाजूचे पुन्हा घट्ट करा आणि मगच तुळजापूरला निघा.